अकोल्याची बातमी कुठे शोधायची?

अकोले आणि अकोला या दोन गावांत तीनशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर आहे. एक सह्याद्रीच्या पायथ्याशी प्रवरेच्या काठी, दुसरे वऱ्हाडात मोर्णेच्या काठी. पण प्रत्यय लागला की मराठीत हे अंतर नाहीसे होते. ‘अकोले’ नपुंसकलिंगी, ‘अकोला’ पुल्लिंगी; तरी ‘अकोल्यास’, ‘अकोल्याहून’, ‘अकोल्याचा’ ही रूपे दोघांची एकच. बोलताना काही अडत नाही. संगमनेरच्या बसस्थानकावर उभा असलेला माणूस कोणत्या अकोल्याला निघाला आहे, हे कुणी विचारत नाही. छापील बातमीला मात्र असे बसस्थानक नसते. शिवाय बातमीत गावाचे नाव मूळ रूपात क्वचितच येते. ‘अकोले हे प्रवराकाठचे गाव आहे’ ही बातमी नव्हे. ‘अकोल्यास पटकी सुरू झाली’ ही बातमी. म्हणजे नेमके ज्या वाक्यासाठी आपण जुनी वृत्तपत्रे धुंडाळतो, त्याच वाक्यात गावाची ओळख पुसलेली असते.

इंग्रजी कागदांत तर मूळ रूपातलाही फरक उरलेला नाही. १८८४ साली निघालेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हा तालुका ‘अकोला’ म्हणूनच नोंदलेला आहे. सरकारी पत्रव्यवहार, जुने नकाशे, मुंबईची इंग्रजी पत्रे या सगळ्यांनी तेच वळण गिरवले. आज संगणकावर ‘अकोला’ असा शब्द टाकला तर कापसाचा बाजार, वऱ्हाडातले राजकारण आणि रेल्वे यांच्या बातम्यांचा ढीग पुढे येतो. त्या ढिगात आमच्या डोंगरी तालुक्याच्या चार ओळी असल्या, तरी त्या दिसत नाहीत.

गेली काही वर्षे मी मराठी नियतकालिकांत अकोले तालुक्याचे उल्लेख शोधतो आहे. या कामात जे हाती लागले त्यापेक्षा ते का लागत नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. अलीकडे जुन्या अंकांच्या डिजिटल प्रती झपाट्याने तयार होत आहेत, आणि ‘आता सगळे एका क्षणात सापडते’ असे अभ्यासकही म्हणू लागले आहेत. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. आपल्या वृत्तपत्रांच्या इतिहासाने जी गावे आणि माणसे आधीच वगळली होती, तीच गावे आणि माणसे संगणकाचा शोधही वगळतो. पहिल्या वगळण्याला निदान लेखकाची आवडनिवड हे कारण होते. दुसरे वगळणे तटस्थ दिसते, म्हणून ते अधिक फसवे आहे.

आधी इतिहासग्रंथांकडे पाहू. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासाची सुरुवात ६ जानेवारी १८३२ला, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून होते, आणि तिथून ती ‘प्रभाकर’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘केसरी’ अशी पायऱ्या चढत जाते. रा. के. लेले यांचा ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ हा या परंपरेतला फार मोलाचा ग्रंथ. तो नसता तर माझ्यासारख्याला दारही सापडले नसते. दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांची सूची म्हणजे तर अशा कामातला दिवाच. तरीही या सगळ्या परंपरेचा कणा पत्र आणि संपादक हा आहे. कोणी पत्र काढले, कोणत्या मताचे काढले, सरकारशी कसे भांडण झाले, केव्हा बंद पडले. पत्रात रोज काय छापून येत होते, कोणत्या गावातून पत्रे येत होती, कोणती गावे कधीच येत नव्हती, हा प्रश्न या रचनेत बसतच नाही.

पुनर्मुद्रणांनी हा कल पक्का केला. टिळकांचे ‘केसरी’तील लेख खंडांत निघाले, आगरकरांचे निबंध निघाले, लोकहितवादींची शतपत्रे पुन्हा पुन्हा छापली गेली. हे व्हायलाच हवे होते. पण त्यामुळे साप्ताहिकाचा एक हिस्सा वाङ्मय झाला आणि उरलेला रद्दी. ‘प्रभाकर’ म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला शतपत्रे आठवतात. भाऊ महाजनांचे हे साप्ताहिक १८४१पासून निघत होते आणि त्यात आठवड्याचे वर्तमानही असे, हे त्याला सांगावे लागते.

१८४८ हे साल घ्या. मार्च महिन्यात ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. २ मेला ठाण्याच्या तुरुंगात राघोजी भांगरे यांना फाशी दिली गेली. राघोजी अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. सावकारी आणि कंपनी सरकारचा अंमल यांच्याविरुद्ध १८४४-४५च्या सुमारास त्यांनी पुणे, नगर, नाशिकच्या डोंगराळ भागात उठाव केला. आज त्यांचे नाव अकोल्यात चौकाचौकांत आहे. मराठी गद्याच्या इतिहासात १८४८चा वसंत शतपत्रांचा आहे आणि अकोल्याच्या इतिहासात तो फाशीचा आहे. हे दोन इतिहास एकाच पत्राच्या एकाच महिन्याच्या अंकांकडे पाहायला हवेत, पण आजवर फक्त पहिल्यानेच तिकडे पाहिले आहे.

दुसऱ्याने पाहायचे ठरवले तर त्याने कोणता शब्द शोधायचा? ‘क्रांतिकारक’ नव्हे, तो शब्द या अर्थाने तेव्हा वापरातच नव्हता. ‘आद्य’, ‘वीर’, ‘हुतात्मा’ हेही नव्हे. शोधायचे ते ‘बंड’, ‘दंगा’, ‘लुटारू’, ‘चोर’, ‘दरोडा’. नावही ‘भांगरे’ असे आदरार्थी नव्हे. गॅझेटियरात ते इंग्रजी वळणाने ‘भांग्रिया’ असे पडले आहे. आपल्या माणसाला शोधायचे तर ज्यांनी त्याला पकडले त्यांच्या तोंडचे शब्द आधी उच्चारावे लागतात. तालुक्यातल्या एखाद्या तरुण अभ्यासकाला हे सांगताना मला दर वेळी संकोच होतो, आणि ऐकताना त्याचाही चेहरा पडतो. पण वाट तीच आहे. जातिनामाचा आधार घ्यावा तर ‘कोळी’ या शब्दाने किनाऱ्यावरची मासेमारी पुढे येते; डोंगरातले महादेव कोळी त्या जाळ्यात सापडत नाहीत. ‘देवगाव’ नावाची गावे महाराष्ट्रात किती आहेत ते सांगायला नकोच. ‘राजूर’ म्हणावे तर जालन्याकडचा राजूरचा गणपती आधी दर्शन देतो. त्यातल्या त्यात ‘कोतूळ’, ‘समशेरपूर’, ‘रतनगड’ ही नावे कामाची. दुसरीकडे कुठे सहसा नसतात, म्हणून एकदा सापडली की आपलीच.

नगर जिल्ह्याला या बाबतीत एक भाग्य लाभले होते. अमेरिकन मराठी मिशनने १८४२च्या जूनमध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले ते अहमदनगरमध्ये. म्हणजे राघोजींचा उठाव ऐन भरात असताना त्याच जिल्ह्याच्या ठाण्यावरून एक मराठी नियतकालिक निघत होते. पुढे ते मुंबईहून निघू लागले, पण नगरशी असलेला त्याचा संबंध तुटला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही नंतरच्या काळात त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले. ‘ज्ञानोदय’कडे आपले अभ्यासक बराच काळ ‘मिशनऱ्यांचे पत्र’ म्हणून तिरक्या नजरेने पाहत आले. धर्मप्रचार हा त्याचा हेतू होताच, तो लपवलेलाही नव्हता. पण त्या पत्राची जाळी वेगळी विणलेली होती. त्याचे लेखक आणि वाचक केवळ पुण्या-मुंबईचे पदवीधर नव्हते. म्हणूनच दुसरीकडे जे छापले गेले नसते, ते तिथे छापले गेले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५च्या अंकांत दोन भागांत आला. आज तो मराठी गद्याचा आणि दलित स्त्रीच्या लेखनाचा एक आरंभबिंदू मानला जातो. १९९१मध्ये सूझी थारू आणि के. ललिता यांच्या भारतीय स्त्रीलेखनाच्या संकलनात आल्यावर तो जगभर वाचला गेला. आता कल्पना करा, हा निबंध अजून कुणाला माहीत नाही आणि १८५५च्या ‘ज्ञानोदय’ची फाइल संगणकात आहे. कोणता शब्द टाकून तो सापडेल? ‘मुक्ता’ टाकावा तर मोती, मुक्ती आणि मुक्ताबाई पुढे येतील. ‘दलित’ टाकून काहीच येणार नाही. ‘स्त्रीलेखन’ हा तर आपल्या काळाचा शब्द. जे आहे हेच ठाऊक नाही, त्यासाठी शोधाच्या चौकटीत काय लिहायचे? असा निबंध सापडतो तो अंकामागून अंक, पानामागून पान वाचणाऱ्याला. शोधयंत्र आपल्या प्रश्नाचे उत्तर देते. जुना अंक आपल्याला न सुचलेला प्रश्न विचारतो, आणि संशोधन पुष्कळदा तिथून सुरू होते.

नगर जिल्ह्याचे दुसरे भाग्य म्हणजे ‘दीनमित्र’. मुकुंदराव पाटील यांनी १९१०पासून १९६७पर्यंत, म्हणजे जवळजवळ हयातभर, हे सत्यशोधक विचारांचे साप्ताहिक चालवले, आणि त्यातला बहुतेक काळ ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघत होते. मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव; त्याच भालेकरांनी १८७७मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढले होते. वडिलांचे पत्र शहरात आणि मुलाचे खेड्यात, हा प्रवास आपण नेहमी उलट्या दिशेने पाहतो. ‘खेड्यातून निघणारे पत्र’ याचे कौतुक पुष्कळ झाले आहे, पण मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. पुण्याच्या पत्रात खेडे येते ते दुष्काळ, दरोडा, पटकी किंवा पुढाऱ्याचा दौरा यांच्यामुळे. खेड्याच्या पत्रात ते येते कारण तिथे माणसे राहतात. कुळकर्णी वतन, सावकार, लग्नातला भट, शाळेचा मास्तर, बाजार अशा गोष्टींना तिथे बातमीचा दर्जा मिळतो. मुकुंदरावांचे ‘कुळकर्णी लीलामृत’ प्रसिद्ध आहे. ते ज्या मातीत उगवले ती माती पाहायची तर पत्राच्याच फायली चाळायला हव्यात.

पण ‘दीनमित्र’ नेवाशाकडचा. त्याच्या सभोवती काळी माती, पाटाचे पाणी, मोठी गावे. घाटमाथ्यावरचे अकोले त्या जगापासून दूर होते. ‘जिल्हा’ या शब्दावर आपण वृत्तपत्रांच्या बाबतीत फार भरवसा ठेवतो, तो इथे उपयोगी पडत नाही. नगर म्हटले की दुष्काळ. १८९६-९७, १८९९-१९००, १९७२ या सर्व दुष्काळांच्या वृत्तांतांत नगर जिल्हा ठळक आहे. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघरला मुसळधार पाऊस कोसळतो, हे त्या ठळक अक्षरांत मावत नाही. बाजार, नातीगोती, दवाखाना या बाबतींत अकोल्याची पावले संगमनेर आणि नाशिककडे वळतात. १८६९मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत तर त्याचा बराच भाग नगरच्याच अमलाखाली होता. म्हणून अकोल्याची बातमी शोधणाऱ्याने नगरच्या जोडीने नाशिकचीही पत्रे पाहायला हवीत, विशेषतः स्वातंत्र्याच्या आगेमागे ‘गावकरी’. जिल्ह्याच्या नावाने लावलेल्या सूचीत ही वाट दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात नगर शहरातून ‘न्यायसिंधु’, ‘जगदादर्श’ यांसारखी साप्ताहिके निघत होती. अशा जिल्हा-पत्रांच्या सलग फायली मिळणे ही दुर्मीळ गोष्ट. त्यांचा एक वेगळाच अवशेष मात्र सरकारने जपून ठेवला आहे. १८६८पासून मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे साप्ताहिक गोषवारे इंग्रजीत करवून घेत असे. हे गोपनीय अहवाल अधिकाऱ्यांसाठी छापले जात. मूळ पत्र नाहीसे झाले आणि त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याची टिपणे उरली, हा आपल्या वृत्तपत्रेतिहासातला मोठा विनोद आहे. या अहवालांत डोंगरी तालुक्याची चार ओळींची तक्रार डोकावू शकते: जंगलखात्याचा जाच, मामलेदाराची अरेरावी, सारावसुली. जत्रा, पाऊस, भाताचे पीक, मेलेला माणूस मात्र येणार नाही. सरकारला ज्याची भीती किंवा गरज, तेवढेच गाळून खाली उतरलेले. शिवाय ते सगळे इंग्रजीत, म्हणजे आमचे गाव पुन्हा ‘अकोला’.

आता यंत्राच्या डोळ्यांकडे वळू. मराठीत हा प्रश्न इंग्रजीपेक्षा बराच अवघड आहे, आणि तो केवळ तंत्राचा नाही. त्यात आपल्या लेखनपद्धतीचा सगळा इतिहास गुंतलेला आहे. महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२मध्ये आले. त्याआधीच्या छपाईत ‘अकोल्यांत’, ‘नाहीं’, ‘पुणें’ असे अनुस्वार सर्वत्र होते. आपल्या गावाचे नावही जुन्या पद्धतीने ‘अकोलें’. आजच्या वळणाने ‘अकोल्यात’ असे शोधले तर नियमांआधीचे संपूर्ण शतक एका टिंबामुळे हातातून निसटते. उलट, जुन्या खरबरीत कागदावर ‘अ’च्या डोक्यावर शाईचा ठिपका पडला की यंत्र ‘अंकोल्यास’ वाचते आणि आपण थेट कारवारच्या किनाऱ्यावरच्या अंकोल्याला पोहोचतो! काही नियतकालिकांनी मध्यंतरी सावरकरी लिपीसुधारणा स्वीकारली होती. तिच्यात शेजारच्या तालुक्याचे नाव ‘अिगतपुरी’ असे छापले जाई. शिळाप्रेसवर छापलेले जुने अंक तर मुळात हस्ताक्षरच. तिथे यंत्र हात टेकते.

‘भंडारदरा’ घ्या. प्रवरेवरचे हे धरण १९२६मध्ये पुरे झाले आणि गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला दिले गेले. म्हणजे पहिली अडचण नावाची: भंडारदरा, विल्सन डॅम, जलाशयाला आर्थर लेक. दुसरी अडचण प्रत्ययाची. ‘भंडारदऱ्याचे पाणी’ यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ज्याने जसे टंकले तसे त्याला सापडते. हा घोळ ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘वऱ्हाड’ या सगळ्या शब्दांत आहे. म्हणजे त्या दुसऱ्या अकोल्यालाही तो चुकलेला नाही, एवढेच समाधान.

याच नदीवरच्या पुढच्या धरणाची कथा तर अधिक बोलकी आहे. निळवंडे धरणाला मंजुरी मिळाली ती १९७०मध्ये, आणि त्याच्या डाव्या कालव्याचे उद्घाटन झाले ऑक्टोबर २०२३मध्ये. अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेली ही बातमी आहे. सुरुवातीला जागा म्हाळादेवीची होती, म्हणून जुन्या अंकांत प्रकल्प ‘म्हाळादेवी’, सरकारी भाषेत ‘ऊर्ध्व प्रवरा’, आणि तोही शब्द कागदोपत्री बहुधा ऱ्हस्व ‘उ’ने, पुढे ‘निळवंडे’. जो फक्त ‘निळवंडे’ शोधेल, त्याला हा वाद मधूनच सुरू झालेला दिसेल. कुणाची जमीन कोणत्या आश्वासनावर गेली, लाभक्षेत्राची रेषा कशी सरकली, हे प्रश्न ज्या सुरुवातीच्या वर्षांत आहेत तीच वर्षे त्याला दिसणार नाहीत. आणखी एक. प्रवरेच्या पाण्याची बातमी बहुतेक वेळा लाभक्षेत्रातून, म्हणजे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडून लिहिली गेली आहे. तिथे आवर्तन सुटले, तिथे ऊस वाळला, तिथे मोर्चा निघाला. धरण ज्या तालुक्यात आहे तो तालुका या वृत्तांत पाण्याच्या साठ्याचा आकडा म्हणून येतो. इथे ज्यांची घरे पाण्याखाली गेली, त्यांच्या नातवंडांना पुनर्वसनाचा एखादा जुना कागद हवा असतो तेव्हा वृत्तपत्राची ओळ हा दुय्यम का होईना, पण पुरावा असतो. हा शोध केवळ हौशी संशोधकांचा उद्योग नाही, तो इथे असा कामाचा होतो.

जितके जुने तितके शोधायला कठीण, असा समज असतो. अकोल्याच्या बाबतीत मला सर्वांत अंधारी वाटतात ती साधारण १९९० ते २०१० ही वर्षे. याच काळात जिल्हा आवृत्त्या निघाल्या, तालुक्याला पान मिळाले, राजूर-कोतूळपर्यंत वार्ताहर नेमले गेले. अकोल्याविषयी सर्वांत जास्त मजकूर छापला गेला तो याच वीस वर्षांत. आणि तो सर्वांत जास्त नाहीसा झाला आहे. एक कारण तांत्रिक. तेव्हाची पाने श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत लावलेली; युनिकोड नंतर आले. त्या फायली उरल्या असल्या तरी आजच्या संगणकाला त्यात मराठी दिसत नाही, रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. दुसरे कारण ग्रंथालयांचे. १९५४च्या कायद्यात १९५६मध्ये वृत्तपत्रांचाही समावेश झाला, त्यामुळे ठरावीक ग्रंथालयांकडे प्रती जाऊ लागल्या. पण पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात बांधला जातो तो सहसा त्या शहरात विकला जाणारा अंक. नगरच्या आवृत्तीतले तालुक्याचे पान त्यात नसते. एका मोठ्या वाचनालयात मी असेही पाहिले की बांधणी जाड होऊ नये म्हणून पुरवण्या आधीच काढून टाकल्या होत्या. आमचा तालुका नेमका पुरवणीत होता.

या तालुका-पानांकडे तुच्छतेने पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती, पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, वार्ताहराचे जाहिरातीच्या कमिशनवर चाललेले घर. टीका खोटी नाही. पण समाजाचा इतिहास लिहायचा तर मला अग्रलेखांच्या एका खंडापेक्षा दशक्रिया विधीच्या शंभर जाहिराती द्या. त्यात गाव असते, आडनाव असते, मुलीं-जावयांची गावे असतात, कोण मुंबईला, कोण नाशिकला कंपनीत, हे असते. आदिवासी वाड्यांतून अशी जाहिरात पहिल्यांदा कधी येऊ लागली, हा अकोल्याच्या सामाजिक इतिहासातला गंभीर प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर फक्त या पानांत आहे.

मग करायचे काय? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८पासून आपली जुनी वृत्तपत्रे, त्यात लहान गावांतलीही, ऑनलाइन खुली केली आणि एक साधी सोय दिली: यंत्राने चुकीची वाचलेली ओळ कोणाही वाचकाला तिथल्या तिथे दुरुस्त करता येते. आपल्या गावाची, आपल्या पणजोबांची बातमी शोधणाऱ्या माणसांनी लाखो ओळी दुरुस्त केल्या. मराठीत असे व्हायला हवे, आणि ते गावाच्या अंगाने व्हायला हवे. ‘ज्ञानोदय’ची ओळ वाचताना हे अकोले प्रवरेचे की मोर्णेचे, हे यंत्राला कळणार नाही, पण कोतूळच्या शिक्षकाला बाजूच्या दोन गावांवरून एका नजरेत कळेल. स्थळसूची हा प्रकार आपल्याकडे फारच उपेक्षित राहिला. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ १९९०मध्ये शासनाने एकत्र प्रसिद्ध केले. त्यामुळे अग्रलेखांबरोबर तिथला पत्रव्यवहार आणि वर्तमानही अभ्यासकांच्या हाती आले. अशा प्रत्येक पुनर्मुद्रणाला गावांची सूची जोडायला किती पाने लागतील? आणि हे काम लांबवण्यात तोटा आहे, कारण नावे थांबत नाहीत. २०२४मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. उद्याच्या अभ्यासकाला ‘अहमदनगर’, ‘नगर’ आणि ‘अहिल्यानगर’ ही तिन्ही नावे टाकावी लागतील, त्यातही ‘नगर’ टाकले की महाराष्ट्रातली सगळी नगरे धावून येतील.

तोवर मी घरोघरीच्या कात्रणांकडे वळलो आहे. जुन्या वार्ताहरांच्या, सरपंचांच्या, निवृत्त शिक्षकांच्या घरी कात्रणांच्या वह्या असतात. त्यांची एक खोड आहे. माणूस आपली बातमी हौसेने कापतो आणि तारखेची ओळ बाहेर ठेवतो. कोणते वृत्तपत्र, कोणते साल, काही कळत नाही, आणि विचारले तर उत्तर येते, ‘तेव्हा धाकट्याचं लग्न झालं होतं.’ अशा वेळी कात्रण खळीने चिकटवलेले नसेल तर ते उलटून पाहावे. पाठीवर कांद्याचे भाव असतात, सिनेमाची अर्धी जाहिरात असते, आणि दैव अनुकूल असेल तर पावसाळ्यातला धरणसाठ्याचा तक्ता. भंडारदऱ्याची पूर्ण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. त्या दिवशीचा आकडा कात्रणाच्या पाठीवर अर्धा जरी शाबूत असला, तर पाटबंधारे खात्याच्या रोजच्या नोंदींशी तो ताडून पाहता येतो आणि बातमीला साल, महिना, कधी कधी तारीखसुद्धा मिळते. असे एक कात्रण सध्या माझ्या टेबलावर आहे. पुढच्या बाजूला राजूरच्या वसतिगृहातल्या मुलांनी काढलेल्या मोर्चाची बातमी, आणि मागे तक्त्यातले पहिले दोन आकडे.